परदेशी यंत्रांच्या विक्रीवर मिळणारे कमिशन आणि जीएसटीचा वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इचलकरंजीचा कारखानदार युरोपातून शटललेस माग मागवतो किंवा चाकणचा उद्योजक जपानहून सीएनसी यंत्र आणतो, तेव्हा त्या व्यवहारात बहुधा एक तिसरा माणूसही असतो. तो गिऱ्हाईक शोधतो, कोटेशन मिळवून देतो, दराची घासाघीस करतो, एलसी (पैसे मिळण्याची हमी देणारे बँकेचे पतपत्र) वेळेवर उघडली जाते की नाही यावर लक्ष ठेवतो, आणि माल जहाजावर चढून पैसे पोचले की परदेशी कंपनीकडून त्याला ठरलेले कमिशन मिळते. या कमिशनवर भारतात जीएसटी लागतो का, या एका प्रश्नावरून अनेक लहान पेढ्यांची झोप उडालेली आहे. वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

वाद नेमका कशाचा आहे?

परदेशी उत्पादकाला, म्हणजे धंद्याच्या भाषेत प्रिन्सिपलला, भारतातील एजंट जी सेवा देतो ती निर्यात आहे की देशांतर्गत पुरवठा आहे, एवढाच हा वाद आहे. निर्यात ठरली तर तो शून्य-दर पुरवठा होतो, कमिशनवर कर लागत नाही आणि कार्यालयाचे भाडे, प्रवास, प्रदर्शनातील स्टॉल यांवर भरलेल्या कराचा परताव्यासाठी दावा करता येतो. देशांतर्गत पुरवठा ठरला तर कमिशनवर १८ टक्के कर बसतो. मधला मार्ग कायद्यात नाही. आणि हा कर परदेशी कंपनीला क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःच्या देय करातून वजा करण्यासाठी, वापरता येत नसल्यामुळे ती तो सोसायला सहसा तयार नसते. शेवटी तो एजंटच्या कमिशनमधूनच जातो.

पैसे युरो किंवा डॉलरमध्ये येतात, ग्राहक कंपनी परदेशात आहे, तरीही ही निर्यात का नाही?

परकीय चलन आले की निर्यात झाली, असा समज सार्वत्रिक आहे, परंतु कायदा तसे म्हणत नाही. एकात्मिक वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ याच्या कलम २(६) मध्ये सेवेच्या निर्यातीसाठी पाच अटी घातल्या आहेत: सेवा देणारा भारतात असावा, घेणारा भारताबाहेर असावा, पुरवठ्याचे ठिकाण भारताबाहेर असावे, मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात (किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तेथे रुपयांत) मिळालेला असावा, आणि दोघे एकाच व्यक्तीची केवळ दोन आस्थापने नसावीत. या पाचही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

कमिशन एजंटचे घोडे तिसऱ्या अटीवर अडते. कलम १३(२) च्या सर्वसाधारण नियमानुसार पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे सेवा घेणाऱ्याचे ठिकाण. परंतु कलम १३(८)(ब) ने 'मध्यस्थ सेवे'ला या नियमातून वगळले आणि तिच्या पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे सेवा देणाऱ्याचे ठिकाण, असे ठरवले. परिणामी पुण्यात बसलेल्या एजंटने जर्मनीतील कंपनीला दिलेली सेवा कायद्याच्या दृष्टीने पुण्यातच पुरवली गेली, आणि पुढच्या दोन्ही अटी पूर्ण होऊनही निर्यात सिद्ध झाली नाही.

कायद्याच्या दृष्टीने 'मध्यस्थ' कोण?

कलम २(१३) नुसार दोन किंवा अधिक व्यक्तींमधील वस्तूंचा, सेवांचा किंवा रोख्यांचा पुरवठा जुळवून आणणारा किंवा सुकर करणारा दलाल, एजंट किंवा अन्य कोणीही व्यक्ती, तिला कोणत्याही नावाने संबोधले जात असो, मध्यस्थ ठरते; मात्र तोच पुरवठा जी व्यक्ती स्वतःच्या खात्यावर करते ती मध्यस्थ नव्हे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने २० सप्टेंबर २०२१ रोजी काढलेल्या परिपत्रक क्रमांक १५९ मध्ये याची फोड केलेली आहे. व्यवहारात किमान तीन पक्ष असावेत, मुख्य पुरवठा आणि तो जुळवून देण्याची सेवा असे दोन वेगळे पुरवठे असावेत, आणि मध्यस्थाची भूमिका आधार देणारी असावी, हे त्याचे सार आहे. मुख्य सेवाच स्वतः देणारा, किंवा ती उपकंत्राटाने करून देणारा, मध्यस्थ ठरत नाही.

ऑर्डर मिळवून देऊन विक्रीच्या टक्केवारीत कमिशन घेणारा यंत्रांचा एजंट या व्याख्येत जवळजवळ अचूक बसतो, हे मान्य करूनच पुढे विचार करावा लागतो. उलट, परदेशी कंपनीकडून यंत्र स्वतः विकत घेऊन, सीमाशुल्क व आयात-जीएसटी भरून, येथील कारखान्याला स्वतःच्या बिलाने विकणारा वितरक मध्यस्थ नव्हे. त्याचा नफा हा कमिशन नसून विक्रीतील फरक आहे, आणि त्याने लावलेला कर खरेदीदार कारखान्याला क्रेडिट म्हणून मिळू शकतो.

हा नियम जीएसटीबरोबर आला का? सेवाकराच्या काळात आम्हाला कर नव्हता.

आपली आठवण बरोबर आहे. २००५ च्या सेवा निर्यात नियमांखाली अशा कमिशनवरून वाद झाले, कारण यंत्र भारतात बसते म्हणजे सेवाही भारतातच वापरली गेली, असे कर विभागाचे म्हणणे होते. तथापि २४ फेब्रुवारी २००९ च्या परिपत्रक क्रमांक १११ मध्ये मंडळानेच स्पष्ट केले की सेवेचा लाभ भारताबाहेर मिळत असेल, तर सेवेशी संबंधित सर्व हालचाली भारतात झाल्या तरी ती निर्यात असू शकते. तपासणी सेवेच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये एसजीएस इंडियाच्या प्रकरणात असाच, सेवेचा लाभ कोणाला आणि कोठे मिळतो हे पाहणारा, दृष्टिकोन स्वीकारला.

१ जुलै २०१२ पासून आलेल्या सेवा पुरवठा स्थान नियमांत 'मध्यस्थ' हा शब्द आला, पण तेव्हा त्याचा अर्थ केवळ सेवांचा व्यवहार जुळवणारा एवढाच होता. वस्तूंचे कमिशन एजंट त्यात नव्हते. १ ऑक्टोबर २०१४ पासून व्याख्येत 'वस्तू' हा एक शब्द वाढवण्यात आला आणि यंत्रसामग्रीचे एजंट एका रात्रीत निर्यातदाराचे करदाते झाले. २०१७ च्या कायद्याने हीच मांडणी पुढे चालवली. जुन्या प्रकरणाची फाइल हाती घेताना म्हणून प्रथम कालावधी पाहावा. ३० सप्टेंबर २०१४ पर्यंतचे कमिशन आणि त्यानंतरचे कमिशन यांचे उत्तर एक नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले, असे ऐकले. ते खरे आहे का?

पूर्णपणे खरे नाही. या गैरसमजावर विसंबून कर भरणे थांबवलेल्या पेढ्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हा इतिहास सविस्तर सांगतो.

परदेशी ग्राहकांसाठी विपणनाचे काम करणाऱ्या मुंबईतील एका मालकी पेढीने २०१८ मध्ये कलम १३(८)(ब) आणि सेवेचा पुरवठा राज्यांतर्गत केव्हा ठरतो हे सांगणारे कलम ८(२) यांना आव्हान दिले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८६ नुसार राज्याला निर्यातीवर कर लावता येत नाही आणि अनुच्छेद २४६अ व २६९अ यांनी संसदेला निर्यातीचे रूपांतर राज्यांतर्गत पुरवठ्यात करण्याचा अधिकार दिलेला नाही, हा युक्तिवादाचा गाभा होता. ९ जून २०२१ रोजी न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी कलम १३(८)(ब) घटनाबाह्य ठरवले. १६ जून २०२१ रोजी त्याच खंडपीठातील न्यायमूर्ती अभय आहुजा यांनी विरुद्ध मत नोंदवून ते कलम वैध ठरवले. मतभेदामुळे प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी १८ एप्रिल २०२३ रोजी दोन्ही कलमे वैध व घटनात्मक असल्याचे सांगितले, परंतु त्यांचा उपयोग केवळ एकात्मिक कर कायद्यापुरता मर्यादित राहील आणि केंद्रीय व महाराष्ट्र जीएसटी कायद्यांखाली कर आकारण्यासाठी ती वापरता येणार नाहीत, अशी मर्यादाही घातली.

त्याआधी, २४ जुलै २०२० रोजी, गुजरात उच्च न्यायालयाने भंगार पुनर्वापर उद्योगाच्या संघटनेच्या याचिकेत हे कलम कोणतीही मर्यादा न घालता वैध ठरवले होते. वलसाडच्या एजंटला आणि पालघरच्या एजंटला म्हणून एकाच केंद्रीय कायद्याचे उत्तर वेगवेगळे मिळू शकते. लहान व्यावसायिकासाठी ही स्थिती अन्यायकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग महाराष्ट्रातील एजंटने कोणता कर भरायचा?

२०२३ च्या निकालाचे दोन अर्थ लावले जातात. एजंटचे ठिकाण महाराष्ट्रात आणि पुरवठ्याचे ठिकाणही महाराष्ट्रात, म्हणून कलम ८(२) नुसार हा राज्यांतर्गत पुरवठा होतो आणि त्यावर केंद्रीय ९ टक्के व राज्य ९ टक्के कर लागतो, अशी विभागाची मूळ मांडणी होती. निकालाने नेमकी हीच वाट बंद केली. यावरून करदात्यांची बाजू म्हणते की वाट बंद झाली म्हणजे आकारणीच उरली नाही. विभागाची बाजू म्हणते की एकात्मिक कराखालील दायित्व कायम आहे.

करदात्यांचा अर्थ मला निकालाच्या शब्दांशी अधिक सुसंगत वाटतो, कारण एकात्मिक कर हा आंतरराज्य पुरवठ्यावरील कर आहे आणि राज्यांतर्गत ठरलेल्या पुरवठ्यावर तो बसत नाही. तरीही मोठ्या रकमांच्या बाबतीत केवळ या अर्थाच्या बळावर कर न भरणे हा धोका आहे, याची अशिलाला लेखी कल्पना द्यावी. ज्यांनी चुकीच्या शीर्षाखाली (उदा. एकात्मिक कराऐवजी केंद्रीय व राज्य कर म्हणून) कर भरला आहे त्यांच्यासाठी केंद्रीय कायद्याचे कलम ७७ आणि एकात्मिक कायद्याचे कलम १९ आहे: योग्य शीर्षाखाली पुन्हा कर भरल्यास त्यावर व्याज लागत नाही आणि आधी भरलेल्या रकमेचा परतावा दोन वर्षांच्या मुदतीत मागता येतो.

जीएसटी परिषदेने हे कलम काढून टाकण्याचे ठरवले आहे ना?

होय. ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या ५६व्या बैठकीत परिषदेने कलम १३(८)(ब) वगळण्याची शिफारस केली. संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने तर डिसेंबर २०१७ मध्येच, म्हणजे जीएसटी लागू झाल्यानंतर सहा महिन्यांत, मध्यस्थ सेवांना सर्वसाधारण नियम लावावा असे सुचवले होते. कलम वगळल्यावर पुरवठ्याचे ठिकाण परदेशी कंपनीच्या ठिकाणी जाते आणि उरलेल्या अटी पूर्ण असल्यास कमिशन निर्यात ठरते.

दोन गोष्टी विसरू नयेत. परिषदेची शिफारस म्हणजे कायदा नव्हे. बदल लागू होतो तो संसदेने केलेल्या दुरुस्तीने आणि तिच्या अंमलाच्या दिवसापासून, त्यामुळे त्या दिवसापूर्वीच्या वर्षांच्या नोटिसा आपोआप निकाली निघत नाहीत. दुसरे असे की हा बदल दुधारी आहे. परदेशातील एजंटला कमिशन देणाऱ्या भारतीय निर्यातदाराच्या बाबतीत आजवर सेवेचे ठिकाण परदेशात होते. नव्या नियमाने ते भारतात येते आणि त्याला रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणारा म्हणून स्वतःच, कर भरावा लागतो.

करारात 'कमिशन' ऐवजी 'विपणन साहाय्य शुल्क' असे लिहिले तर प्रश्न सुटेल का?

सुटणार नाही. व्याख्येतच 'कोणत्याही नावाने' असे शब्द आहेत आणि अधिकारी नावापेक्षा कामाकडे पाहतात.

माझ्यासमोर आलेल्या एका फाइलमधील करार पहिल्या पानापासून बाजारपेठेचा अभ्यास, स्पर्धकांची माहिती आणि तांत्रिक सल्ला यांविषयी बोलत होता. मोबदल्याच्या कलमात मात्र 'प्रत्येक यंत्राच्या एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतच्या) किमतीच्या पाच टक्के, खरेदीदाराची रक्कम प्राप्त झाल्यानंतर' एवढीच एक ओळ होती, आणि डेबिट नोटवर (कमिशनच्या मागणीच्या बिलावर) खरेदीदार कारखान्याचे नाव, इन्व्हॉइस क्रमांक व यंत्राचा अनुक्रमांक छापलेला होता. अधिकाऱ्याने बाकीची चौदा पाने बाजूला ठेवली आणि त्या एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ऑर्डर आली नाही तर पैसे नाहीत, अशी अट असेल तर सेवा ऑर्डर मिळवून देण्याची आहे, हा त्याचा निष्कर्ष खोडून काढण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

याउलट काम खरोखरच स्वतंत्र असेल, म्हणजे एखादी पेढी परदेशी कंपनीला दरमहा ठरावीक शुल्कावर बाजार अहवाल देत असेल, दर ठरवण्यात किंवा ऑर्डर घेण्यात तिचा सहभाग नसेल, आणि अहवाल, ई-मेल व कामाच्या तासांची नोंद जपलेली असेल, तर ती स्वतःच्या खात्यावर सेवा देते असे म्हणता येते. जीनपॅक्ट इंडियाच्या प्रकरणात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, आणि अर्न्स्ट अँड यंगच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, मुख्य सेवा स्वतः देणाऱ्याला मध्यस्थ म्हणता येत नाही असाच निर्णय दिला. पण या निकालांचा आधार घ्यायचा तर आधी तसे काम असावे लागते.

यंत्राची उभारणी आणि वॉरंटीतील दुरुस्तीही आम्ही परदेशी कंपनीच्या वतीने करतो. ते शुल्क वेगळे केले तर?

वेगळे अवश्य करावे, पण करमुक्तीच्या आशेने नव्हे. कलम १३(३)(अ) नुसार ज्या वस्तूवर काम करायचे ती प्रत्यक्ष उपलब्ध करून द्यावी लागते अशा सेवेचे ठिकाण म्हणजे काम जेथे झाले ते ठिकाण. चाकणमध्ये उभारलेल्या यंत्राचे इरेक्शन-कमिशनिंग चाकणमध्येच पुरवले जाते, मग बिल ओसाकाच्या कंपनीला का दिलेले असेना. मध्यस्थ सेवेविषयीचे कलम वगळल्याने या नियमात काही फरक पडत नाही, आणि अनेक एजंट येथेच फसतात: कमिशन व उभारणी यांची एकच डेबिट नोट काढतात आणि संपूर्ण रक्कम निर्यात म्हणून दाखवतात.

यंत्र जर्मनीहून थेट बांगलादेशात गेले आणि कमिशन आम्हाला मिळाले, तर?

वस्तूचा पुरवठादार आणि प्राप्तकर्ता दोघेही करक्षेत्राबाहेर, म्हणजे भारताबाहेर, असतील, तर अशा मध्यस्थ सेवेला १ ऑक्टोबर २०१९ पासून अधिसूचना क्रमांक २०/२०१९ ने सूट दिलेली आहे. त्यासाठी बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), विक्रेता-खरेदीदार यांच्यातील कराराची प्रत, कमिशनची डेबिट नोट, उगम प्रमाणपत्र आणि एजंटचे घोषणापत्र जपून ठेवावे लागते. कराराची प्रत मिळवणे कठीण जाते, कारण प्रिन्सिपल आपले दर एजंटलाही दाखवू इच्छित नाही. म्हणून ती देण्याची अट एजन्सी करारातच घालून घ्यावी.

कर द्यावाच लागला तर तो कमिशनवर वरून मोजायचा की कमिशनमधूनच?

करारात कर वेगळा देण्याचे कबूल केलेले नसेल आणि परदेशी कंपनीने वेगळी रक्कम दिलेली नसेल, तर मिळालेली रक्कम करासहित आहे अशी भूमिका केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ३५ च्या आधारे घेता येते. समजा रुपयांत ९,००,००० इतके कमिशन मिळाले. वरून मोजल्यास कर १,६२,००० रुपये होतो. करासहित धरल्यास ९,००,००० गुणिले १८ भागिले ११८, म्हणजे सुमारे १,३७,२८८ रुपये. नोटिशीच्या उत्तरात ही मागणी पर्यायी मुद्दा म्हणून पहिल्या टप्प्यावरच लिहावी.

कमिशन भारतातील खरेदीदारानेच रुपयांत दिले तर?

सरकारी निविदांमध्ये ही पद्धत जुनी आहे: परदेशी कंपनीला कमिशन वजा करून रक्कम पाठवली जाते आणि एजंटला त्याचा हिस्सा येथेच रुपयांत मिळतो. मुंबईच्या जे. बी. बोडा या पुनर्विमा दलालांच्या आयकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की आधी सगळे परकीय चलन बाहेर पाठवून त्यातील दलाली परत मागवणे हा निरर्थक द्राविडी प्राणायाम आहे आणि वजावट करून ठेवलेली रक्कमही परकीय चलनातच मिळाली असे धरावे. तो निकाल आयकराच्या वेगळ्या कलमावरचा असल्याने जीएसटीत तो आधार म्हणून मांडता येतो, खात्रीचा मानता येत नाही. शिवाय सीमाशुल्क मूल्यांकन नियम, २००७ मधील नियम १० नुसार खरेदीदाराने सोसलेले कमिशन, खरेदी-कमिशन वगळता, यंत्राच्या मूल्यात मिळवावे लागते. म्हणजे खरेदीदाराच्या बिल ऑफ एंट्रीवरही (आयातीच्या सीमाशुल्क विवरणावरही) त्याचा परिणाम होतो. शक्य असेल तेथे कमिशन प्रिन्सिपलकडून बँकेमार्फत चलनातच घ्यावे आणि प्रत्येक रकमेचे एफआयआरसी (परकीय चलन आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र) डेबिट नोटला जोडून ठेवावे.

अशा कमिशनला आयकरात कधी सवलत होती का?

आयकर कायदा, १९६१ याच्या कलम ८०-ओ खाली परदेशी उद्योगांना दिलेल्या तांत्रिक वा व्यावसायिक सेवांच्या उत्पन्नातून ५० टक्क्यांपर्यंत वजावट मिळत असे. ती टप्प्याटप्प्याने कमी होत आकारणी वर्ष २००५-०६ पासून संपली. जपानच्या सुमितोमो कॉर्पोरेशनला भारतीय मोटार-भाग उद्योगाची माहिती पुरवून शुल्क मिळवणाऱ्या दिल्लीच्या एका व्यावसायिकाचा आकारणी वर्ष १९९७-९८ चा दावा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळला, कारण दिलेली सेवा तांत्रिक किंवा व्यावसायिक असल्याचे कागदांवरून दिसत नव्हते. ती व्यवस्थापकीय एजंटाची सेवा होती. माहिती खरोखर पाठवली होती का, तिचा परदेशात काय उपयोग झाला, याचा पुरावा न्यायालयाने तपासला. कर वेगळा, कलम वेगळे, पण एजंटकडे मागितला जाणारा पुरावा तोच आहे.

कारणे दाखवा नोटीस आली आहे. प्रथम काय करावे?

नोटीस बहुधा परताव्याच्या अर्जातूनच जन्म घेते. एजंट हमीपत्रावर, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याच्या लेखी हमीवर, निर्यात दाखवतो, क्रेडिटचा परतावा मागतो, अधिकारी एजन्सी करार मागवतो, आणि परतावा नाकारून मागील वर्षांची मागणी काढतो. उत्तर लिहिण्यापूर्वी प्रत्येक डेबिट नोट समोर घेऊन चार गट करावेत: शुद्ध कमिशन, स्वतंत्र शुल्क, उभारणी व दुरुस्ती, आणि परदेशातून परदेशात झालेली विक्री. सरसकट उत्तर दिल्यास चांगले मुद्दे कमकुवत मुद्द्यांबरोबर वाहून जातात.

आर्थिक वर्ष २०२३-२४ पर्यंतच्या मागण्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ७३ किंवा ७४ खाली आणि त्यानंतरच्या कलम ७४अ खाली येतात. कलम ७४ मध्ये फसवणूक किंवा माहिती दडवण्याचा आरोप असतो व दंड कराइतका असू शकतो. पत्रकात कमिशन निर्यात म्हणून उघडपणे दाखवलेले असेल आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीच या कलमाविषयी एकमेकांशी असहमत झालेले असतील, तर करदात्याने माहिती दडवली असे म्हणणे टिकणारे नाही, आणि हा मुद्दा उत्तरात ठळकपणे मांडलाच पाहिजे. आदेश विरुद्ध गेल्यास तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत कलम १०७ खाली अपील करावे लागते. उशीर झाल्यास अपिलीय अधिकारी आणखी फक्त एक महिना देऊ शकतो, आणि वादातील कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही मुदत पोर्टलवर आदेश चढवल्याच्या दिवसापासून मोजली जाण्याची शक्यता धरून चालावे आणि पोर्टल दर आठवड्याला उघडून पाहावे.